बाटली स्वतः भर

चि. मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल सोमवारी रात्री वाचला आणि त्या रात्री झोप लागली नाही. लगेच उत्तर लिहायला बसलो, पण पहिली दोन पानं नुसत्या रागाची झाली, ती फाडून टाकली. राग तुझ्यावर नव्हता. नदीच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या रीडिंगबद्दल तू लिहिलेल्या एका वाक्यावर होता. 'सर, पहाटेचं रीडिंग आउटलायर म्हणून काढून टाकायला सांगितलंय, आणि खरं सांगू का, मलाही वाटायला लागलंय की एका रीडिंगने काय फरक पडतो?' आउटलायर, म्हणजे इतरांपासून लांब पडला म्हणून वगळायचा आकडा. एका रीडिंगने काय फरक पडतो, हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं आहे. तेव्हा ते माझ्याच तोंडून निघालं होतं. ती हकिगत पुढे सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय तुला सल्ला द्यायचा मला अधिकार नाही.

तू विचारलेला प्रश्न मात्र वेगळाच आहे. ही नोकरी सोडून परदेशातली पीएचडी घ्यावी का? तिथे दहा वर्षांचा मासिक डेटा तयार आहे, त्यावर मशीन लर्निंगचं मॉडेल बांधायचं आहे, आणि 'फील्डवर्क नाही' हे तू त्या जागेच्या फायद्यांत लिहिलं आहेस. दोन्ही बाजूंचा तक्ता केलास, गुण दिलेस, बेरीज केलीस. तक्ता नीटनेटका आहे. त्यात एकच रकाना राहून गेला आहे: बाटली कोण भरणार?

नदी का जपायची हे मी तुला सांगत बसणार नाही. तुझं गाव उजनीच्या काठावर आहे, तुमच्या उसाला आणि केळीला तेच पाणी जातं. पुण्यात मुठेत जे पडतं ते संगमावर मुळेला मिळतं, बंडगार्डन, मुंढवा, थेऊर करत रांजणगाव सांडसपाशी भीमेत उतरतं, दौंडवरून तुमच्या धरणात येतं आणि धरणातून सुटलं की पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहतं. इथे आम्ही जे सोडतो ते तिथे तुम्ही उपसता आणि पुढे वारकरी त्यात स्नान करतात. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून कामाचं बोलू.

बाटली स्वतः भर. वर्गात मी हे इतक्यांदा म्हणायचो की तुमची बॅच माझी नक्कल करायची, ते मला माहीत होतं. पण हे मी कुठून शिकलो ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा, १९७४ साली, पाण्याचं प्रदूषण रोखायचा जल कायदा आला. आमच्या विषयाला तेव्हा पर्यावरण वगैरे कोणी म्हणत नसे, सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी म्हणत. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेच्या नावात 'पर्यावरण' हा शब्द आला तोही त्याच वर्षी. नवा कायदा, नवं नाव, आम्हाला वाटायचं दहा वर्षांत नद्या निवळतील. शिकवायला लागल्यावर माझं पहिलं स्वतंत्र काम मुठेवर होतं. खडकवासल्याच्या खालपासून मुंढव्यापर्यंत पाच ठिकाणं, महिन्यातून दोनदा नमुने. मी तेव्हा व्याख्यानं, पेपर तपासणं आणि नवा संसार यांत बुडालेलो. नमुने आणायला विभागातल्या शिपाईमामांना पाठवायचो. सायकलवर. पाच ठिकाणं, एका दिवसात, भत्ता नाही, सायकलच्या कॅरिअरला बाटल्यांचा खोका बांधलेला. वर्षभराचे आकडे जमले, आलेख काढले, एका परिसंवादात निबंध वाचला, टाळ्या मिळाल्या.

मग एका संध्याकाळी क्लोराइडचा रकाना सहज बघत होतो. क्लोराइड हा मोठा प्रामाणिक घटक आहे. तो कुजत नाही, उडून जात नाही, जिवाणू त्याला खात नाहीत. शहराचं सांडपाणी नदीत मिसळत गेलं की खालच्या अंगाला तो वाढतच जातो, कारण माणूस मीठ खातो. माझ्या तक्त्यात चार महिने पाचही ठिकाणांचा क्लोराइड जवळजवळ एकच होता. खडकवासल्याचा आणि मुंढव्याचा! पाचही बाटल्या एकाच घाटावर भरल्या गेल्या होत्या.

मामांना विचारलं. ते रडले. मी त्यांच्यावर ओरडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते, कारण चूक त्यांची नव्हतीच. गुडघे दुखत असलेल्या माणसाला उन्हात सायकलवर पाठवून स्वतः पंख्याखाली आलेख काढणारा मी होतो. निबंध मागे घेतला. पुढच्या पंधरवड्यापासून खोका माझ्या स्कूटरवर आला, आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच्या हातात दिला नाही. विद्यार्थी बरोबर यायचे, त्यांनी भरलेली बाटलीही चालायची, पण मी काठावर उभा असेन तरच. याला कोणी हट्ट म्हणालं, कोणी विक्षिप्तपणा. म्हणू देत.

आता तुझ्या पहाटेच्या रीडिंगकडे येतो.

तू शून्य पूर्णांक काहीतरी एवढाच ऑक्सिजन मिळाला असं लिहितेस, आणि तुझे वरिष्ठ म्हणतात की दुपारी त्याच जागी लिटरमागे बारा मिलिग्रॅम मिळतो, म्हणजे पहाटेचं चुकलंय. मला फक्त एक सांग: जागेवर फिक्स केलं होतंस ना, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन तिथेच पकडून ठेवला होतास ना? बाटलीत बुडबुडा राहिला, पाणी खळखळत भरलं, तर हवेतला ऑक्सिजन मिसळून रीडिंग वर जातं. खाली जातं ते बहुधा एकाच गाढवपणाने, नमुना रसायनं न घालता तसाच गाडीत ठेवला आणि आतल्या जिवाणूंनी उरलासुरला ऑक्सिजन संपवला तर. तू जागेवर फिक्स केलं असशील, आणि मी शिकवल्यावर तू केलंच असशील, तर ते रीडिंग खरं आहे. निष्काळजीपणा गलिच्छ पाण्याला सहसा चांगलं दाखवतो, वाईट नाही. हे एवढं वाक्य तुझ्या वरिष्ठांना माझ्या नावाने सांगितलंस तरी चालेल.

दुपारचे बारा मिलिग्रॅम कसे आले हेही तुला माहीत आहे, पण पुन्हा सांगतो, कारण तुझ्या मेलमधून ते निसटलेलं दिसतंय. तीस अंशाच्या पाण्यात हवेतून विरघळून लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो. बारा म्हणजे तो हवेतला नाही, शेवाळाने उन्हात तयार केलेला आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं. दुपारी त्याच पाण्याचा सामू नवाच्या वर जातो आणि अमोनियाचं रूप बदलून तो माशांना विषारी होतो. म्हणजे दुपारचे बारा ही तब्येतीची खूण नाही, तापाची आहे. आणि रोग्याची खरी अवस्था कळते ती सूर्य उगवायच्या आधीच्या तासाभरात.

त्या तासाभराचं मला वेड आहे, कबूल करतो. पहाटे पावणेपाच, एप्रिल महिना, पूल रिकामा. कठड्यावरून दोरीने सॅम्पलर सोडायचा, प्रवाहाच्या मध्यावर, पृष्ठभागापासून फूटभर खाली. आतली नळी तीनशे मिलिलिटरच्या बाटलीच्या तळापर्यंत गेलेली, त्यामुळे पाणी तळातून भरत येतं आणि हवा लागलेलं पहिलं पाणी बाहेर सांडून जातं. वर ओढायचं, बूच जरा तिरकं टेकवून फिरवत बसवायचं, बाटली उलटी करून टॉर्चसमोर धरायची: बुडबुडा नाही ना? मग बूच काढून मँगॅनस सल्फेट, त्यावर अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. पुन्हा बूच, पंधरा-वीस वेळा उलटसुलट. आणि मग कठड्यावर बाटली ठेवून नुसतं बघत राहायचं. ऑक्सिजन असेल तर काथाच्या रंगाचा तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर पांढरा. नासलेल्या दुधासारखा पांढराफेक.

ही रीत विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ साली काढली, आणि मीटर, प्रोब, सेन्सर सगळं आलं तरी तिच्यासारखी मला दुसरी वाटत नाही. का, ते सांगतो. मीटर तुला ०.३ दाखवतो आणि तू आकडा लिहून पुढे जातेस. पांढरा साका तुला थांबवतो. ऑक्सिजन नेमका किती ते मोजायचं ब्युरेट, स्टार्च, थायोसल्फेट सगळं नंतर. पुलावर उभं असतानाच तुझ्या हातातली बाटली सांगते की खाली श्वास घ्यायला काही उरलेलं नाही. ज्याने पांढरा साका स्वतःच्या हातात धरला आहे तो 'आउटलायर' हा शब्द सहज वापरू शकत नाही. वापरतो तो माणूस, ज्याने बाटली भरलेली नाही.

भिगवणच्या बाजूला एक वयस्कर भोई होते. मी चार वर्षं तिथे दुपारी अकरा-बाराला पोचायचो, आकडे चांगले यायचे. एकदा ते म्हणाले, 'साहेब, मासा पहाटं वर येतो, पाण्यावर तोंड काढून आ करतो. ऊन चढलं की खाली जातो. तुम्ही येता तवर सगळं झाकल्यालं असतं.' चार वर्षं! त्यांना कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. त्यांच्या जाळ्यात तोवर निम्म्याहून जास्त चिलापी यायला लागली होती, कमी ऑक्सिजनात तगणारी. त्यांचं जाळं हेच माझ्यापेक्षा जुनं आणि सलग चाललेलं निरीक्षण होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे जायला लागलो.

आणि आता ती हकिगत.

१९९६ चा एप्रिल. एका कामासाठी आमच्या विभागाने नदीच्या एका पट्ट्याचा अहवाल करायचा होता. कोणाचं काम, कोणता पट्टा, ते सोड. माझा एक विद्यार्थी होता, तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच हळवा आणि हट्टी. पहाटेचे नमुने आम्ही दोघांनी घेतले, साका पांढरा होता, आम्ही दोघांनी पाहिला. दुपारचं रीडिंग तेरा. अहवाल लिहिताना काम देणाऱ्यांकडून निरोप आला की प्रत्येक ठिकाणाचा एकच आकडा हवा, सरासरी द्या. पहाटेचा जवळजवळ शून्य आणि दुपारचे तेरा, सरासरी साडेसहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत विरघळलेला ऑक्सिजन सहाच्या वर असला की ऑक्सिजनपुरतं पाणी 'अ' वर्गाचं, निव्वळ जंतुनाशक घालून पिता येईल असं. मासा मरेल असं पाणी मी सरासरीने पहिल्या वर्गात नेऊन बसवलं.

पोरगा माझ्या केबिनमध्ये उभा राहिला. म्हणाला, 'सर, मासा सरासरीत श्वास घेत नाही.' मी म्हणालो, 'अरे, एका रीडिंगने काय फरक पडतो? परिशिष्टात आहे ना.' परिशिष्टात होतं, हे खरं आहे. छापील अहवालात परिशिष्ट जोडलं गेलं नाही, हेही खरं आहे, आणि ते मी तपासलं नाही. सही माझी होती. मे महिन्यात त्या पट्ट्यात मासे मेले, काठावर पांढऱ्या पोटांची रांग लागली, आणि चौकशीला आलेल्यांच्या हातात माझाच अहवाल होता: ऑक्सिजन साडेसहा, म्हणजे कारण काहीतरी दुसरंच असणार.

तो मुलगा वर्षभरात हे क्षेत्र सोडून गेला. आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, चांगला आहे, दिवाळीला फोन करतो. त्या अहवालाचा विषय त्याने परत कधी काढला नाही. मीही नाही. मुली, मला या सत्तरीत नदीपेक्षा या एका गोष्टीचं ओझं जास्त वाटतं. मी खोटा आकडा लिहिला नव्हता. दोन खऱ्या आकड्यांची बेरीज करून दोनने भागलं होतं. तुला सांगतात की आउटलायर काढ, मला सांगितलं की सरासरी काढ. शब्द बदलले, काम तेच. पहाट पुसायची.

म्हणून आउटलायरबद्दल एकच नियम ठेव. काढायचं असेल तर हाताला लागेल असं कारण दे: बूच सैल होतं, रसायन जुनं होतं, प्रोबच्या पडद्यावर गाळ चढला होता. असं कारण असेल तर बेलाशक काढ आणि कारण वहीत लिही. कारण नसेल, नुसता आकडा इतरांपासून लांब आहे म्हणून नको वाटत असेल, तर तो आकडा सगळ्यात आधी छाप. नदी मरते ती तिच्या सगळ्यात वाईट तासाला.

आता त्या पीएचडीचं. मी मॉडेलांच्या विरुद्ध नाही. वर्गात स्ट्रीटर-फेल्प्सचं, सांडपाणी पडल्यावर नदीतला ऑक्सिजन कसा घटतो आणि सावरतो ते सांगणारं समीकरण शिकवताना फळ्यावर ऑक्सिजनचा तो खाली झोळ घेऊन वर येणारा वक्र मी किती प्रेमाने काढायचो ते तू पाहिलं आहेस. पण १९२५ साली त्या दोघांनी ते समीकरण काढलं ते ओहायो नदीवर प्रत्यक्ष मोजमापं झालेली होती म्हणून. आधी बाटल्या, मग समीकरण. तुझा दहा वर्षांचा मासिक डेटा कसा जमला असेल? आपल्याकडे कसा जमतो ते तुला माहीत आहे. ऑफिस दहाला उघडतं, जीप साडेदहाला निघते, पहिला नमुना अकराला, शेवटचा जेवणानंतर. त्या मॉडेलला पहाट माहीतच नाही. तू त्यात कितीही थर घाल, ते तुला दुपारच्या नदीचं भविष्य अचूक सांगेल. आणि तुझ्या गावच्या भोयाला काहीच सांगणार नाही.

तेव्हा त्या परदेशी प्राध्यापकांना एक मेल लिही. नम्रपणे विचार: नमुने कोणी घेतले, कुठून घेतले, किती वाजता घेतले, आणि त्या वेळी प्रवाह किती होता? त्यांच्याकडे चारही उत्तरं असतील तर खुशाल जा, मी शिफारसपत्र देतो. 'डेटासेटमध्ये वेळ नोंदलेली नाही' असं उत्तर आलं आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही, तर तिथे तुझी पाच वर्षं घालू नकोस. माझं मत स्पष्ट आहे, राग आला तरी चालेल.

प्रवाहाचं मुद्दाम लिहिलं, कारण तोही रकाना तुमच्या पिढीच्या तक्त्यांतून गायब झाला आहे. नुसत्या मिलिग्रॅमवर खूश होऊ नका. समज, मे महिन्यात बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे तीस मिलिग्रॅम आहे आणि सेकंदाला दहा घनमीटर पाणी वाहतंय. दिवसाला सव्वीस टन भार झाला. पावसाळ्यात बीओडी सहावर आला, पेपरात 'नदी सुधारली' छापून आलं, पण प्रवाह शंभर घनमीटर झालेला. भार बावन्न टन. स्वच्छ दिसणाऱ्या नदीने दुप्पट घाण तुमच्या धरणात नेऊन टाकली, आणि ती तिथे साठून राहते, वाहून जात नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं का होतं, हे तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं ना, त्याच्या उत्तरातला एक मोठा भाग हाच. आणि आपली बीओडीची बाटली २७ अंशांना तीन दिवस ठेवतात, ब्रिटिशांची २० अंशांना पाच दिवस. तिकडच्या आकड्यांशी तुलना करताना हे पाहत जा. गेल्या वेळी तू पाहिलं नव्हतंस.

तू लिहितेस, 'सर, तुम्ही पस्तीस वर्षं मोजलंत, नदी कुठे सुधारली?' हे वाचून मी बराच वेळ खिडकीत उभा होतो. 'इम्पॅक्ट' हा शब्द तुझ्या मेलमध्ये चार वेळा आला आहे. ठीक आहे, उत्तर देतो. २०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातल्या नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित म्हणून जाहीर केले, त्यांतले ५३ आपल्या राज्यात, सगळ्या राज्यांत जास्त. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ झाला, आपला ५५. मुळा-मुठेसाठी २०१६ साली जपानच्या कर्जातून ९९० कोटींची योजना मंजूर झाली, आणि अजून मी पहाटे पुलावर गेलो की नाकाला रुमाल लावतो. नाही सुधारली. पण हे ५५ पट्टे कोणी सांगितले? बाटल्या भरणाऱ्यांनी. ज्या दिवशी आम्ही मोजायचं थांबवू त्या दिवशी हा आकडा शून्य होईल, आणि तो शून्य तुला चालेल का?

माझ्याच मित्रांनी मला भित्रा म्हटलं आहे. ते मोर्च्यात होते, न्यायालयात होते, मी प्रयोगशाळेत होतो. त्यांना वाटायचं मी पेन्शन सांभाळतोय. तुलाही तसं वाटत असावं, ओळींच्या मध्ये दिसतंय. एकच सांगतो. त्यांच्यातले एकजण एका प्रकरणात भक्कम बाजू घेऊन उभे राहिले आणि पाचव्या मिनिटाला समोरच्या वकिलांनी विचारलं, हा नमुना घेतला कोणी, कधी, बर्फात ठेवला होता का? उत्तर नव्हतं. सगळं कोसळलं. जल कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की सांडपाण्याचा नमुना घेताना तो दोन भागांत करायचा, दोन्ही बाटल्या सीलबंद करायच्या, दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. कायदा लिहिणाऱ्यांनाही १९७४ मध्येच कळलं होतं की सगळा खेळ बाटली कोणी भरली यावर आहे. त्यानंतर ते मित्र रात्री फोन करून मला विचारायचे, 'तुझ्या वहीत त्या दिवसाचं काय आहे?' आणि असायचं. तारीख, वेळ, ढग होते का, वर कोणी गणपती विसर्जन केलं होतं का, सगळं. माझं आंदोलन एवढंच. कमी असेल. पण मी ते १९९६ सोडून कधी मोडलं नाही, आणि १९९६ चं मी तुला सांगितलं.

एक खासगी गोष्ट लिहितो. माझी आई आषाढीला पंढरपूरला जायची. एका वर्षी मी तिच्यासोबत गेलो, आणि अर्थातच बाटल्या घेऊन गेलो. आंघोळीच्या पाण्यासाठी शंभर मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू पाचशेच्या आत असावेत, अडीच हजार म्हणजे कमाल मर्यादा. आईने चंद्रभागेत बुडी मारली, ओंजळीने तीर्थ घेतलं, माझ्या हातावरही घातलं. मी ते प्यायलो. दोन दिवसांनी प्रयोगशाळेत नळ्या काढल्या. आत उलट्या ठेवलेल्या छोट्या नळ्यांमध्ये वायूचे बुडबुडे, ओळीने, सगळ्यांत, पार शेवटच्या पातळ केलेल्या नमुन्यापर्यंत. बुडबुडा म्हणजे ते जिवाणू हजर. ते पाणी तिथे पोचेपर्यंत कोणकोणत्या शहरांतून आलं होतं ते मला ठाऊक होतं, त्यांत माझं शहर पहिलं. आईला मी सांगितलं नाही. ती नंतरही सात वर्षं गेली. सांगायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आता काय करायचं ते. राजीनामा देऊ नकोस, निदान या महिन्यात नाही. उद्या वरिष्ठांना लेखी कळव की पहाटेचं रीडिंग जागेवर फिक्स केलेलं आहे, वेळ अमुक, तापमान अमुक, चुकीचं मानायला कारण सापडलेलं नाही, आणि ते मुख्य तक्त्यात राहावं. परिशिष्टात नाही, मुख्य तक्त्यात. अहवाल छापून झाला की स्वतः उघडून तपास, मी तपासला नव्हता. त्यांनी तरीही काढलं तर अहवालातून तुझं नाव काढायला सांग, तेही लेखी. नोकरी जाईल का? जाऊ शकते. घरी हप्ते आहेत, धाकट्या भावाची फी आहे, मला सगळं माहीत आहे, म्हणून हे मी हलकेपणाने लिहीत नाही. गेली तर विभागात एका प्रकल्पावर जागा निघते आहे, पगार निम्मा, पण बोलून ठेवतो.

आणि त्याआधी ते रीडिंग पुन्हा घेऊ. एकदा मिळालेला आकडा दुसऱ्यांदा मिळाला की त्याला कोणी आउटलायर म्हणू शकत नाही. शनिवारी पहाटे चारला माझ्या घरी ये, रिक्षाने ये, एकटी चालत येऊ नकोस. सॅम्पलर आणि सहा बाटल्या माझ्या माळ्यावर आहेत, काढून धुऊन ठेवतो. थायोसल्फेट शुक्रवारी प्रमाणित करतो. अझाइड तुझ्या प्रयोगशाळेतून आण, माझ्याकडचं संपलं आहे. स्टार्च शुक्रवारी रात्री ताजा कर, गेल्या आठवड्यातला आणू नकोस, त्याला धड निळा रंग येत नाही. वही मी आणीन, पण आकडे तू लिहायचेस.

तुझा,
सर